माड नसलेली खाडी

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, भिंतीवर ते काळं-करडं काय लावलंयस?" ती आरोंद्याची खाडी आहे, ओहोटीच्या वेळची. इथे ओहोटीला सुकती म्हणतात. आता नीट सांगते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मुद्राचित्रं करायला शिकले. एका मोडलेल्या होडीची फळी मिळाली. खाऱ्या पाण्याने मऊ भाग झिजून लाकडाच्या रेषा वर आल्या होत्या. त्यांत मला ओसरतं पाणी दिसलं. मी फक्त खालचा चिखल आणि मधला बांध कोरला. फळीवर शाई फिरवली, कागद ठेवला आणि करवंटीच्या डवलीच्या, म्हणजे पळीच्या, पाठीने घासत गेले. घरात तिच्याइतकं गुळगुळीत दुसरं काही नव्हतं.

तुमच्या आजोबांची बहीण आमच्याकडेच राहते. तिने आधी डवली पाहिली, मग चित्र.

"वयनी, माझी डवली काळी केलंस! आणि झाला काय, तर चटई!"

ती चटई मी बांद्याच्या प्रदर्शनासाठी पाठवली. आयोजकांचा फोन आला. "मॅडम, सुंदर आहे, पण एखादा माड घाला ना. लोकांना कोकण कळायला हवं. नाहीतर समितीला पटवणं कठीण आहे."

माझं काम पहिल्यांदाच चारचौघांत लागणार होतं आणि मला ते फार हवं होतं. माड कोरणं काहीच अवघड नव्हतं. पण त्या बांधावर उभं राहिलं की मला माड दिसत नाहीत, पाणी दिसतं. म्हटलं, "माड येणार नाही. असंच लावणार असाल तर लावा, नाहीतर परत पाठवा."

नंतर बरेच दिवस काहीच कळलं नाही.

"घाल गो एक माड. तुजा काय जाता?" नणंद म्हणाली. मी घातला नाही.

शेवटी चित्र लागलं, अगदी जसंच्या तसं. आम्ही दोघी बघायला गेलो. एक गृहस्थ चित्रासमोर थांबले. "खाडी म्हणतत, पण माड खंय आसा?"

मी तोंड उघडायच्या आत नणंद पुढे झाली. "माड व्हयो तर भायर जावन बघा. हयसर सुकती आसा. एवढो बांध दिसणा नाय तुमका?"

ते चष्मा सारखा करून जवळ गेले आणि बराच वेळ बघत राहिले.

चित्र घरी आल्यावर कुठे लावायचं ते तिनेच ठरवलं. आल्यागेल्याला ती ते दाखवते आणि वर सांगते, "ह्याका माझी डवली लागली हां!"