ठकीला खाली ठेवा

आमच्या तात्यांचा डावा हात कोपरात कायम वाकलेला असे. मोडला नव्हता, वातही नव्हता. उभा जन्म मेंढरांमागं चालताना त्या हातावर एखादं तरी कोकरू असायचंच. पुढं गुडघे गेले, मेंढरं विकली, हात मात्र तसाच राहिला. जेवताना, देवळात पाया पडताना, एसटीत बसताना तो पोटाशी धरलेला, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. त्या हातावर माझी नात येऊन बसली आणि माझ्या डोक्याची मंडई झाली.

तात्या म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, म्हणून आमच्यातच राहायचे. आमच्या घरात सुनेनं सासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नसतं. मी बचत गटाची अध्यक्ष आहे, वडवणीच्या बँकेत साहेबांशी टेबलावर हात आपटून बोलते. पण तात्या ओसरीवर दिसले की पदर डोक्यावर आणि तोंडाला कुलूप. लग्न होऊन आल्यापासून आमचं संभाषण एवढंच: मी दाराआडून ‘वाढलंय’ म्हणायचं आणि त्यांनी खाकरायचं.

माझी लेक पूजा तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. जावई पुण्यात कंपनीत. ती रोज सकाळच्या गाडीनं बीडला जायची आणि बाळ माझ्याकडं. माझ्याकडं म्हणजे म्हणायला. बाळाचं नाव स्वरा ठेवलं होतं, तात्यांनी पाळण्यातून उचलतानाच तिची ठकी केली आणि जी उचलली ती खाली ठेवलीच नाही. “चालत्या कळपात लहान जीव खाली ठिवायचा नस्तो,” म्हणायचे. आता आमचा कळप कुठं चालला होता? आम्ही शहाबादी फरशीच्या घरात राहत होतो, दाराला कडी होती. पण हे त्यांना सांगणार कोण?

सांगायची सोय ठकीनंच केली. एक दिवस तात्या तिला म्हणाले, “ठके, सांग तुझ्या आजीला, दूध लई गरम हाय.” मीही ठकीकडं बघून म्हटलं, “ठके, सांग पणजोबाला, मी बोट बुडवून बघितलंय.” झालं. इतक्या वर्षांत जे दोघं धड बोलले नव्हते, ते त्या दोन महिन्यांच्या पोरीमार्फत भांडू लागले. “ठके, टोपडं कावून न्हाई घातलं, इचार आजीला.” “ठके, उकडतंय म्हणून, सांग त्यांला.” ती बिचारी एकदा माझ्या तोंडाकडं, एकदा त्यांच्या तोंडाकडं बघायची. आमचे हे म्हणायचे, “पोरगी वकील व्हती बघ.”

मान मात्र ठकीनं लवकर धरली. धरणारच, दिवसभर खांद्यावरून गल्ली बघायला मिळत होती. एखाद्या पुढाऱ्यासारखी डावीकडं उजवीकडं मान फिरवायची. मी खूश. पूजाच्या सासूबाईंचा दर रविवारी फोन यायचा, त्यांच्या लेकीचा ओम ठकीच्याच वयाचा. मी आनंदानं सांगितलं, “मान लई पक्की हाय हो तिची.” पुढं ओम पालथा पडला, ठकीची मान पक्की होती. ओम बसू लागला, ठकीची मान पक्की होती. ओम घरभर रांगत सुटला, तेव्हा मी फोनवर पुन्हा मानेचं काढलं तर विहीणबाई म्हणाल्या, “मानेच्या खाली काय चाललंय?”

मानेच्या खाली तात्या होते, काय सांगू!

मी काय केलं नाही? नांदूरघाटला भावकीत लग्न होतं, घरातलं वडील माणूस म्हणून तात्यांनाच पाठवायचं असा ठराव करून घेतला. दिवसभर पोरगी जमिनीवर लोळेल असा माझा बेत. मी वाकळ अंथरून तिला पालथी घालून जरा चूल आवरते न आवरते तोच ओसरीवर खाकरणं ऐकू आलं. अक्षतांनाही थांबले नव्हते. “ठके, सांग आजीला, गाडी लगीच मिळाली,” म्हणाले आणि बुंदीचा पुडा माझ्याकडं सरकवून तिला उचलली. खाली न ठेवायची त्यांची कारणं तरी किती! फरशी गार, मुंगळे, विंचू, कोंबडी टोचंल. कोंबडी विकून टाकली तर म्हणाले, शेजाऱ्याची येईल.

नववा महिना सरला तरी ठकी बसेना. बसवली की दळणाच्या पिशवीसारखी एका अंगाला कलंडायची. पूजा वरवर हसायची, पण रात्री तिला पुन्हा पुन्हा बसवून बघायची. तिच्या सासरी आधीच कुरबूर होती, शिकायच्या नादात लेकराकडं बघत नाही म्हणून. पहिला वाढदिवस करून ठकीला पुण्याला न्यायचं ठरलेलं. पण पोर लवकर बसली नाही तर शेवटच्या परीक्षेआधीच पूजाचं शिक्षण थांबवणार, हे सगळ्यांना कळत होतं.

शेवटी बीडला लेकरांच्या डॉक्टरांकडं गेलो. ठकीला घेऊन तात्या, मागं आम्ही मायलेकी. डॉक्टरांनी हातपाय वाकवून बघितले, खुळखुळा वाजवून नजर बघितली. “ताकद चांगली आहे. हिला जमिनीवर सोडता का?”

मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, “जमीन गार ऱ्हाती, डाक्टर.”

“राहू द्या गार. पोटावर घाला, लोळू द्या. सारखं कडेवर घेऊ नका, आजोबा. महिन्यानं आणा. तरी नाहीच बसली तर मोठ्या दवाखान्यात दाखवून घेऊ.”

परतीच्या गाडीत पूजा खिडकीकडं तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, “आई, मी तुझ्या भरवशावर ठेवली होती गं.”

घरी आल्या आल्या मी वाकळ अंथरली. तात्यांनी वाकळेकडं बघितलं, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत खाली बसले, मांडी घातली आणि ठकीला मांडीत घेतलं. “ठके, सांग आजीला, बसलो जमिनीवर. डाक्टरचं ऐकलं म्हणावं.”

माझं डोकंच फिरलं. पदर कुठं गेला मला माहीत नाही. “तात्या! खाली ठेवा तिला! माझ्या लेकीचा संसार टांगलाय तुमच्या हातावर!”

शेजारच्या घरात टीव्ही बारीक झाला. तात्यांनी ठकीला चटका बसल्यासारखं वाकळेवर ठेवलं, उठले, वहाणा घातल्या आणि देवळाच्या पारावर जाऊन बसले. त्या दिवसापासून रात्री झोपायला तेवढे यायचे, उजाडताच पुन्हा पारावर. घरात चहा नाही, जेवण नाही, ताट तिकडंच पाठवावं लागायचं.

“बोललीस कावून त्यांला?” आमचे हे म्हणाले.

“मग तुमी बोलायचं व्हतं.”

“मी कसा बोलणार? चुलता हाय माझा.”

“आन् माझा कोण हाय?”

ठकीनं तर घर डोक्यावर घेतलं. पालथी घातली की वाकळेत नाक खुपसून असा टाहो फोडायची की जणू तिला विकायला काढली. तिला दाखवायला म्हणून मी स्वतः पोटावर पडले. माझ्या देहाचा विस्तार सांगण्यासारखा नाही. मी खुळखुळा तोंडात धरून कोपरांवर सरपटत होते आणि नेमक्या बचत गटाच्या बाया बैठकीला आल्या. एक म्हणाली, “ताई, पडलाव का?” दुसरी म्हणाली, “न्हाई गं, योगा चाललाय.”

पण हळूहळू छाती उचलली पोरीनं. मग हात टेकून बसू लागली, मग हात न टेकता. मग एकदाची सरकली, तर मागं! खुळखुळा समोर, डोळे खुळखुळ्यावर, आणि पोरगी रडत रडत उलटी भिंतीकडं. मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात दारातून आवाज आला.

“सूनबाई, मागं कावून जाती ती?”

मी आजूबाजूला बघितलं. सूनबाई म्हणजे मीच होते. मध्ये ठकी नव्हती, ती भिंतीला जाऊन अडकली होती. मी म्हटलं, “हाताला जोर हाय, पायाला अजून न्हाई. ढकलायला जाती आन् मागं सरकती.”

“हां,” तात्या म्हणाले आणि उंबऱ्यावर टेकले. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, उचलायला जाऊ नयेत म्हणून. मग ओठांचा चंबू करून त्यांनी मेंढरांना घालायची ती हाक घातली, “हिर्र... हिर्र...” ठकी रडायची थांबली. मान वर केली, ती पक्की मान, आणि एक गुडघा पुढं टाकला. मग दुसरा. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. इतके दिवस मी पोटावर लोळले, कोपरं सोलवटून घेतली, अब्रू घालवली, आणि पोरगी निघाली ती ‘हिर्र’वर!

डॉक्टर खूश झाले, विहीणबाई गप्प झाल्या. पूजाचा शेवटचा पेपर झाला, वाढदिवस झाला, आणि धरून धरून उभी राहणारी ठकी वडवणीच्या स्टँडवरून पुण्याला गेली. घर एकदम मोठं झालं. तात्या रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन सरळ मला विचारायचे, “फोन आला का?” मी नाही म्हटलं की खाकरायचे आणि जायचे.

दिवाळीच्या तोंडावर तात्या गेले. झोपेतच. लोक बसायला आले, त्यांच्या मेंढरांच्या, चालण्याच्या गोष्टी निघाल्या. मला मात्र डोळ्यांसमोर येते ती त्याआधीची एक संध्याकाळ. पूजाचा व्हिडिओ कॉल आला होता. “आई, तात्यांना बोलव, चालती बघ ती!” मी मोबाईल पिठाच्या डब्याला टेकून ठेवला, तात्या पाटावर बसले. ठकी पलंग सोडून निघाली. एक पाऊल, आणखी एक, आणि धप्पकन फरशीवर पडली, तोंडावर. कुणी जवळ गेलं नाही.

“सूनबाई!” तात्या ओरडले. “उचला म्हणावं की तिला! सांग ना त्यांला!”

आणि ज्या बाईनं ठकीला कुणी उचलू नये म्हणून वर्षभर जिवाचं रान केलं होतं, ती मी, त्या डब्याकडं तोंड करून तात्यांपेक्षा मोठ्यानं ओरडले, “पूजे, उचल की गं तिला! बघत काय बसलीस?”

पूजा आधी माझ्याकडं, मग तात्यांकडं बघून हसायला लागली. तोवर ठकी आपली आपण उठून पडद्याबाहेर चालती झाली होती.