अव्वाच्या खिळ्यावरची बाटली

हॉलमध्ये मांजराच्या सलाईनची बाटली टांगायला जागा एकच होती, आणि तिथं अव्वाचा, म्हणजे माझ्या आईचा, फोटो होता. हे मला बाटली घरी आणली तेव्हाच दिसलं होतं, पण बोलायची हिंमत झाली नाही. आधी मी बाटली पडद्याच्या दांडीला अडकवून पाहिली. दांडी प्लास्टरसकट हातात आली. मग खिडकीच्या ग्रिलला बांधली, तर ती मांजराच्या पाठीपेक्षा जेमतेम वर. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बाटली चांगली उंच पाहिजे, नाहीतर पाणी उतरणार नाही.

अप्पा, म्हणजे माझे वडील, दिवाणावर बसून हे सगळं बघत होते. त्यांचं वय ऐंशीच्या पुढं. ते उठले, भिंतीवरून फोटो काढला, चंदनाचा हार बाजूला ठेवला, धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि फोटो टीव्हीशेजारी टेकून उभा केला.

"बसू दे तिला खाली थोडा वेळ," ते म्हणाले. "तिचंच मांजर हाय की."

मांजर खरंच आईचं होतं. जुळे सोलापुरात आम्ही हा फ्लॅट घेतला तेव्हा जिन्यात सापडलेलं ते पिल्लू तिनं पदरात घालून वर आणलं. अव्वा अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी मुलखातली. मराठी तिला येत होतं, पण ते भाजीवाल्यासाठी आणि सुनेसाठी. अप्पांशी आणि मांजराशी ती कानडीत बोलायची. ती गेल्यावर मांजर घरात राहिलं, पण आमच्यात मिसळलं नाही. आम्ही हाक मारली तर मान वळवायचं नाही. बायको म्हणायची, वयानं बहिरी झाली असेल. मला वाटायचं, आधीपासूनच शिष्ट आहे.

अप्पांचंही तसंच झालं होतं. बाजारात त्यांचं भुसार दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकांशी मराठी, घरी आल्यावर कानडी. मला कानडी सगळं कळतं, पण मी शाळेपासून उत्तर मराठीत देत आलो आणि पुढं त्यांनीही प्रश्न मराठीतच विचारायला सुरुवात केली. माझ्या मुलीला तर तेवढंही येत नाही. अव्वा गेल्यानंतर घरात अप्पांशी कानडी बोलणारं कुणी उरलं नाही. ते बोलायचे ते एवढंच: जेवलो, लाइट गेली, फिरून येतो. आम्ही म्हटलं, वय झालं.

या उन्हाळ्यात मांजर वाळत गेलं. पाणी मात्र खूप प्यायचं. वाटी रिकामी, मग बाथरूममधली बादली, मग कुंडीखालची ताटली. मी रोज बघत होतो. सोलापूरचं ऊन, माणसाचा घसा कोरडा पडतो तर जनावराचं काय, असं म्हणून वाटी भरत होतो आणि ऑफिसला जात होतो. एका सकाळी ते अप्पांच्या चपलांवर आडवं पडलेलं दिसलं. उचललं तर हातात नुसती हाडं आली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. किडनी थकलीय, म्हणाल्या. बरं होणार नाही. पण रोज कातडीखाली सलाईन गेलं तर बरेच दिवस नीट जगेल. नाही गेलं तर नाही. दवाखान्यात दोनदा नेलं. भर उन्हात रिक्षा, पिशवीत तिचं ओरडणं, तिथं कुत्र्यांचा वास. परत येईपर्यंत जेवढं पाणी आत गेलं तेवढं बहुधा तोंडातून फेस होऊन बाहेर यायचं. शेवटी बाईच म्हणाल्या, "घरीच करा. अवघड नाही. मानेमागची कातडी उचलायची, तंबू होतो, तंबूत सुई घालायची."

त्यांच्यासमोर मला जमलं होतं. म्हणजे त्यांनी माझा हात धरला होता.

घरी पहिल्या सकाळी बायको मांजर धरायला बसली. मी सुईचं टोपण काढलं.

"अहो, सुई तिला टोचायचीय," बायको म्हणाली. "डोळे तुम्ही कशाला मिटताय?"

मांजरानं तिच्या मनगटावर ओरखडा काढला आणि सोफ्याखाली गेलं. अप्पांची आंघोळ झाली होती, पूजेला बसायच्या आधीची त्यांची चहाची वेळ. ते खुर्चीत बसले, मांडीवर टॉवेल घेतला आणि म्हणाले, आण इकडं. बायकोनं मांजर ओढून काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. मी तंबू केला, श्वास रोखला, सुई घातली, नळीवरचं चाक सोडलं. थेंब पडायला लागले. बाटलीतलं पाणी खाली सरकत होतं. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

पाणी मांजरात जात नव्हतं. सुई कातडीच्या एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर आली होती. केसांतून टॉवेलवर आणि टॉवेलमधून अप्पांच्या धोतरात सगळं उतरत होतं. मला ते कळलं तेव्हा बाटलीवरची त्या दिवसाच्या मापाची खूण गाठली गेली होती. अप्पा म्हणाले, "ओलं लागतंय."

मी म्हणालो, "मुतली वाटतं."

इतकं सहज तोंडातून गेलं. अप्पा उठले आणि पुन्हा आंघोळीला गेले, कारण तसं पूजेला कसं बसणार. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. बाथरूममधून त्यांच्या तांब्याचा आवाज येत होता, जपून जपून घेतलेला एकेक तांब्या, आणि मी हॉलमध्ये सुई हातात धरून उभा होतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, गेलं का सगळं? मी सांगितलं, हो, पूर्ण गेलं.

दुसऱ्या सकाळी मांजर बाथरूमच्या कोपऱ्यात गार फरशीला पोट लावून पडलं होतं. हाक मारली, हलवलं, तरी उठलं नाही. डोळे उघडे, पण बघत नव्हतं. काल त्याला थेंबही मिळाला नव्हता, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं. बायको दारात येऊन म्हणाली, "सलाईन देऊनही असं कसं?"

तेव्हा मी सांगितलं. अप्पा मागं उभे होते, त्यांच्यासमोरच सांगितलं. पाणी बाहेर गेलं, मी खोटं बोललो, तुम्हाला उगाच दुसऱ्यांदा आंघोळ करायला लावली.

"मला कळलं होतं," अप्पा म्हणाले.

"कसं काय?"

"मुताला वास असतो की."

"मग आंघोळ कशाला केलीत?"

"तू तोंड असं केलंतंस, म्हटलं जाऊ दे." आणि मग बायकोकडं वळून, "टॉवेल दे. आज जाडा दे."

मी त्यांना थांबवलं. मी म्हणालो, रिक्षा आणतो, बाईंकडेच जाऊ. अप्पा खुर्चीत बसून म्हणाले, "एवढ्या उन्हात ती तितं पोचंल का? आण बाटली." ते दुकानात असताना ज्वारीच्या पोत्यात पोकळ सळई खुपसून नमुना काढायचे. म्हणाले, "जन्मभर पोत्यात सळई घातली मी, एक पोतं कधी ओरडलं न्हाय. पण ते पोतं होतं. हिच्याशी बोलावं लागंल."

मांजर त्यांच्या मांडीवर मऊ कापडासारखं पडलं होतं. पण मी कातडी उचलताच ते ताठ झालं, नखं बाहेर आली. मी सवयीनं "गप, गप" करत होतो. अप्पांनी त्याच्या कानाशी वाकून हळूच म्हटलं, "सुम्न कुंद्रवा." म्हणजे, गप बस गं बाई. अव्वाचे शब्द, अव्वाचाच हेल.

मांजराचे कान अप्पांकडं वळले. आम्ही ज्याला बहिरं ठरवलं होतं ते मांजर. अप्पा बोलत राहिले आणि नखं हळूहळू आत गेली. मी सुई घातली. या वेळी टोकाला पोकळी लागल्यासारखं वाटलं, बाईंनी सांगितलं होतं तसं. चाक सोडलं. खाली बोट फिरवून पाहिलं, केस कोरडे होते. दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली लिंबाएवढा फुगा आला, मग मोसंब्याएवढा. बायको म्हणाली, "जातंय हो," आणि तिथंच जमिनीवर बसली.

त्या संध्याकाळी मांजर स्वतःच्या पायांनी वाटीपर्यंत आलं. फुगा घसरून पुढच्या पायात उतरला होता, त्यामुळं एका बाजूनं पैलवानासारखं चालत होतं. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि कालचं खरं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "पहिल्यांदा सगळ्यांचं तसंच होतं. सांगत मात्र कुणी नाही."

मग सकाळचा तो नेम झाला. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाटली कोमट करायची गरज नव्हती, कपाटातूनच कोमट निघायची. बायको टॉवेल अंथरायची. खालच्या मजल्यावर तेलुगू घर आहे, तिथल्या काकू बिनमिठाचं उकडलेलं चिकन लहान डबीत घालून द्यायच्या, कारण आमच्या घरात ते शिजत नाही. अप्पांची अट एवढीच होती की ती डबी पूजेच्या खोलीसमोरून न्यायची नाही. बायको ती गॅलरीतून आत घ्यायची, दोरीनं वर ओढून. अप्पा आता पूजा आधी उरकायचे, कपाळाला भस्म लावून खुर्चीत बसायचे आणि बोलायला लागायचे.

पहिले काही दिवस ते फक्त समजावणं होतं. झालं, आता झालं, थोडंच राहिलं. मग गोष्टी सुरू झाल्या. अव्वाला बघायला गेले तेव्हा तिच्या भावानं बैल दाखवण्यातच सगळा वेळ घालवला आणि मुलगी जेमतेम दिसली, ती गोष्ट. दुकानात एका शेंगांच्या पोत्यात साप निघाला आणि हमालाच्या आधी मुनीम पळाला, ती गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दोघं गच्चीवर झोपायचे आणि अव्वा रात्रभर सासूच्या तक्रारी सांगायची, ते. यातलं मला काहीही माहीत नव्हतं. मी त्यांचा एकुलता मुलगा, आणि मी ते मांजराबरोबर ऐकत होतो. टीव्हीशेजारून फोटोही बरोबर त्यांच्या खुर्चीच्या उंचीला आला होता. ते कुणाशी बोलत होते हे मी विचारलं नाही.

इथं एक सांगायला पाहिजे. सलाईनच्या नळीला जे चाक असतं ते पूर्ण सोडलं की काम लवकर उरकतं, आणि डॉक्टरीणबाईंनी तसंच सांगितलं होतं, कारण सुई अंगात जितकी कमी वेळ तितकं जनावराला बरं. मी चाक अर्धंच सोडायला लागलो. अप्पांची गोष्ट मधेच तुटू नये म्हणून. थेंब हळू, बोलणं लांब. एकदा बायकोनं बाटलीकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. "आज फार हळू चाललंय," ती म्हणाली. मी म्हणालो, नळी दुमडली असेल. तिनं नळी सरळ केली नाही. चाकही वाढवलं नाही.

मांजर सगळं सहन करत होतं. सुई घालताना एकदा अंग चोरायचं, मग हनुवटी अप्पांच्या मनगटावर टेकून पडून राहायचं. त्या दिवसांत त्याच्या अंगाला मी जेवढं पाणी दिलं, त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त त्यानं मला परत दिलं, आणि तेही पाठीत सुई टोचलेली असताना. हे मी कुणाला तोंडानं सांगू शकलो नसतो, म्हणून लिहितोय.

पुढच्या तपासणीत रक्त बरंच सुधारलेलं निघालं. डॉक्टरीणबाई खूश होत्या. "आता एक दिवसाआड द्या," त्या म्हणाल्या. "छान सांभाळलंत." घरी येताना रिक्षात मांजर पिशवीतून डोकं बाहेर काढून रस्ता बघत होतं, आणि मी उदास होतो. ज्या जिवासाठी एवढं चाललं होतं तो सुधारतोय, आणि मला आठवड्यातल्या निम्म्या सकाळी हातातून जाणार याचं वाईट वाटत होतं. स्वतःची लाज वाटली, तरी वाईट वाटायचं ते वाटतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाटली नव्हती. मी ऑफिसचे कपडे घालून हॉलमध्ये आलो, तर अप्पा भस्म लावून खुर्चीत बसले होते. मांडीवर टॉवेल.

"बाटली कुटाय?"

"आज नाही, अप्पा. आता एक दिवसाआड."

"ते मला ठाऊक हाय. हिला कुणी सांगितलं?"

मांजर सोफ्यावरून उतरलं, आळोखेपिळोखे देत आलं आणि टॉवेलवर चढलं. गोल फिरून आपल्या जागेवर बसलं आणि हनुवटी त्यांच्या मनगटावर टेकली. अप्पांनी त्याच्याशी बोलायला सुरुवात केली नाही. माझ्याकडं पाहिलं आणि कानडीत म्हणाले, तूही बस की.

मी खाली बसलो. त्या मुनिमाचं पुढं काय झालं, असं मला विचारायचं होतं. मनात जुळवून जुळवून मी ते कानडीत विचारलं. क्रियापद चुकलं असणार, कारण अप्पांचे खांदे हलायला लागले. बऱ्याच दिवसांनी ते तसे हसत होते.

"हिची कानडी तुझ्यापेक्षा बरी हाय," ते मराठीत म्हणाले, म्हणजे मला नीट कळावं म्हणून. आणि मग मुनिमाची गोष्ट कानडीत पुढं सांगायला लागले.

बायकोनं आतून विचारलं, "अहो, ऑफिस?" मी म्हणालो, जातो, थोड्या वेळानं. खिळा रिकामा होता. फोटो परत लावू का, असं मी अप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, उद्या बाटली लागणारच हाय, राहू दे तितंच.