गच्चीवर पोहणाऱ्या मिरच्या

"भाऊ, माझ्या मिरच्या पोहतायत! धावा, अहो धावा!"

मी तळमजल्यावर एका एसीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. बहारीनमधल्या झिंज भागातल्या त्या इमारतीची डागडुजी माझ्याकडे. नळ, एसी, झुरळं, भांडणं, सगळं मीच बघतो. धापा टाकत वर गेलो तर गच्चीचा तलाव झालेला. गुडघाभर पाणी! बरं, घोटाभर म्हणा. पण त्यात लाल मिरच्यांचं अख्खं आरमार तरंगत होतं आणि मधोमध चौथ्या मजल्यावरच्या वसईच्या ताई उभ्या, अंगात हॉस्पिटलचा युनिफॉर्म, हातात चहाची गाळणी.

आणि महिना होता एप्रिलचा.

एप्रिलात पाऊस पडणार नाही, हे मीच सांगितलं होतं. मी कोकणातला. इथे पावसाबद्दल कुणाला काही विचारायचं असलं की माझ्याकडे येतात, जसा काही मी ढगांच्या घरचा जावई. आठवडाभर आधी ताईंनी विचारलं होतं, "भाऊ, मिरच्या वाळत घालू ना?" वसईला उन्हाळ्यात वर्षाचा बाटली मसाला करतात, ताईंनी तो इथेही सोडला नाही. यंदा तर त्यांची मुलगी नोकरीला आयर्लंडला निघालेली, तिच्यासोबत तीन बाटल्या द्यायच्या होत्या. मिरच्या ताईंच्या आईने स्वतः निवडून पाठवलेल्या. आता हात चालत नाहीत, ह्या शेवटच्याच, असा निरोपही होता. मी आभाळाकडे बघितलं, मिशीवर हात फिरवला. "बिनधास्त घाला. एप्रिलात पडला तर मिशी उतरवीन."

माझं चुकलं तरी कुठे? मी ह्या बेटावर आलो तेव्हा पाऊस थंडीत यायचा. दोन सरी पडल्या की शाळा बंद, रस्त्यातलं पाणी ओढायला टँकर, आणि आम्ही कोकणवाले पोट धरून हसणार. आमच्याकडे एवढं पाणी पागोळीच्या एका थेंबात मावतं. पुढे एक हिवाळा कोरडा गेला. दुसऱ्यात नुसती धूळ. मग एका एप्रिलात असा कोसळला की हिद्दच्या रस्त्यावर मी हमूर मासा सिग्नलला थांबलेला बघितला. लाल दिवा होता, म्हणून थांबला. पुढचा एप्रिल ठणठणीत. म्हटलं, पावसाची चूक झाली होती, सुधारली त्याने.

गावी चुलतभावाला फोन लावावा तर तो म्हणे, "दिवाळीत भात पाण्यात उभं होतं, जूनमध्ये आम्ही आभाळाकडे बघत बसलो. तिकडे कसं आहे ते तूच सांग." आमचे म्हातारे बहारीनी घरमालक तिसरंच सांगतात आणि शेवटी इंशाल्ला म्हणून विषय खलास. कुठला पाऊस वेळेवरचा, कुठला वाट चुकलेला, की माझी आठवणच पाणी प्यायलेली, काही कळेना.

एक गोष्ट मात्र मला पक्की कळत होती, आणि ती मी ताईंना सांगितली नव्हती. गच्चीतलं पाणी जायचं भोक मीच बुजवलं होतं. त्या पाइपातून झुरळं वर यायची. पाऊस काय, येतो कुठे! मी हळूच कोपऱ्यात सरकलो, पाण्यात हात घातला आणि बूच ओढलं, तर माझ्याच जुन्या पट्टेरी पायजम्याचा एक पाय बाहेर आला. पाणी गडगडत निघालं. मी पायजमा शर्टाच्या आत कोंबत असताना ताईंनी बघितलं. मग त्या गाळणी घेऊन मिरच्यांकडे वळल्या.

गाळणीने, परातीने, चादरीने मिरच्या गोळा केल्या. पुन्हा गच्चीवर घालायची हिंमत कुणाची? आभाळ घटकेत लख्ख, घटकेत काळं. ताईंच्या हॉलमध्ये जमिनीवर पसरल्या, एसी सोडला, चार पंखे लावले. मुलगी दारातूनच म्हणाली, "मम्मी, इट्स ओके. तिकडे पॅकेट मिळतं."

"पॅकेट," ताई म्हणाल्या, आणि देठ खुडत राहिल्या.

रोज ड्यूटी संपली की मी मिरच्या उलटायला जायचो. शिंका अशा यायच्या की पुलापलीकडे सौदीत लोक दचकत असतील. तरी रोज काही मिरच्या काळ्या पडायच्या, आणि ताई त्या उचलून वेगळ्या ठेवायच्या, टाकायच्या नाहीत. मिशी मी पावसाच्या दुसऱ्याच दिवशी उतरवली होती. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

विमानाच्या आदल्या दिवशी मसाला झाला. ताईंचे यजमान हॉटेलात कामाला, त्यांनी बिअरच्या तीन रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवल्या होत्या. ताईंनी काठीने ठासून ठासून मसाला भरला. एक बाटली भरली. दुसरीच्या तळाला चमचाभर पडला, तोही त्यांनी पहिलीतच ओतला. मुलीने बाटली नाकाशी नेली, बॅगेतले स्वेटर बाजूला केले आणि मधोमध जागा केली.

मी आपला मिशीविना उभा. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "ताई, पुढच्या वर्षी मग कुठल्या महिन्यात घालायच्या?"

"माहीत नाही," ताई म्हणाल्या आणि मसाल्याची बाटली माझ्या हातात दिली. "हे बूच घट्ट बसवा. ते तुम्हाला जमतं."