आईची पहिली गाठ

झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये न्यायचा क्रूस माझी आई माडाच्या कोवळ्या पातीचा विणायची. साधासुधा नव्हे, मधोमध गुलाबाची कळी असलेला. अख्ख्या पापडी गावात तसा कुणाला जमायचा नाही. लहानपणी मीही तिच्याशेजारी विणायला बसायचे. माझी वीण तिच्याहून घट्ट, असं तीच चारचौघांत सांगायची. पण पहिली गाठ मात्र तिची. "दे इकडे, पात फुकट घालवशील," म्हणत दोन बोटांत काहीतरी फिरवायची, की झालीच गाठ! पुढचं मी विणायचे. ती गाठ शिकून घ्यावी असं मला कधी वाटलंच नाही. आई होती ना!

आई गेली त्या वर्षीचा तिचा क्रूस मी घरच्या अल्तारावर, येशूच्या मोठ्या तसबिरीमागे खोचून ठेवला. म्हटलं, एकदा पाण्यात भिजवून हळूच सोडवू, म्हणजे गाठ कशी मारलीय ते कळेल. दरवर्षी तो हातात घ्यायचे आणि परत जागच्या जागी ठेवायचे. आईच्या हातची शेवटची गाठ ती, सोडवायचा धीरच व्हायचा नाही. वर स्वतःलाच सांगायचे, पुढल्या वर्षी बघू, घाई काय आहे? आग लागो त्या पुढल्या वर्षाला!

यंदा नात मागे लागली. पाचवीत आहे, हट्टीपणात थेट माझ्यावर गेलीय. "आजी, यंदा मिरवणुकीत मी स्वतः विणलेला क्रूस नेणार. तू शिकव मला." काय आनंद झाला म्हणून सांगू! शनिवारी मुलाला सांगून वाडीतल्या माडाची कोवळी झावळी काढून घेतली, पाती चिरल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. मनाशी म्हटलं, आज ती गाठ सोडवायचीच. पोरीसमोर सोडवू, दोघी मिळून शिकू. आई काही रागवायची नाही.

तसबिरीमागे हात घातला, तर तिथे काहीच नाही.

सुनेला हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली. "ते सुकलेले क्रूस ना, आई? राखेच्या बुधवारआधी चर्चमध्ये टोपली ठेवली होती, त्यात दिले सगळे. एक तर फारच जुना होता, हात लावला की भुगा पडत होता."

आमच्यात रीतच आहे ती. आदल्या वर्षीच्या झावळ्या चर्चमध्ये द्यायच्या, त्या जाळून जी राख होते ती फादर बुधवारी सगळ्यांच्या कपाळाला लावतात. सुनेने रीत पाळली, तिला कुठल्या तोंडाने बोलू? तसबिरीमागे काय आहे, हे मी घरात कुणाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

नात पाट मांडून वाट बघत होती. मी पात घेतली, आईसारखी बोटं फिरवली. सुटली. पुन्हा फिरवली, पुन्हा सुटली. पोरीने मोबाइलवर शोधलं. त्यात हवे तेवढे क्रूस होते, आमचा नव्हता. "जाऊ दे ना आजी, मी साधी झावळी नेते," म्हणाली आणि माझ्याच पाठीवरून हात फिरवायला लागली. मला रडूच फुटलं.

रविवारी मिरवणुकीत ती साधी पात धरून माझ्यापुढे चालत होती. मला राहून राहून सव्वा महिन्यापूर्वीचा तो राखेचा बुधवार आठवत होता. चर्चमधून सकाळच्या मिस्सेहून आलो तेव्हा तिच्या कपाळावर राखेचा हा एवढा ठसा होता. आईची गाठ त्याच राखेत होती. तिला लगेच शाळेत जायचं होतं, पोरं चिडवतील म्हणून मीच तिला जवळ ओढलं, पदराचं टोक ओलं केलं आणि कपाळ चांगलं घासून पुसलं. काही म्हणून राहू दिलं नाही.