लाभ म्हणा, सिस्टर

डेंग्यूने भंडाऱ्याच्या दवाखान्यात पडलो होतो, तेव्हा शेजारच्या खाटेवर लाखांदूरकडचे एक धानवाले काका होते. त्यांनाही डेंग्यूच. आमच्या प्लेटलेट रोज घसरायच्या आणि सिस्टर रोज "एक, दोन" म्हणत रक्ताच्या नळ्या भरून न्यायची.

"पोत्यातून रोज काढसान, तं पोतं भरंल कसं?" काका भांडायचे. मग स्वतःच हात पुढे करायचे. "काढा. पन एक नोको म्हनू बाई. खळ्यात पयल्या मापाले लाभ म्हनतेत."

सिस्टर डोळे वटारायची.

काकांच्या प्लेटलेट वाढल्या, ते घरी गेले. माझ्या वीस हजारांवरच अडकलेल्या. दुसऱ्या सकाळी सुई दिसताच मी डोळे घट्ट मिटले.

"लाभ," सिस्टर हळूच म्हणाली.

"दोन," आम्ही दोघांनी मिळून म्हटलं.