नवरदेवांना राक्षस करणारे मामा

मामांनी दोन नवरदेवांना राक्षस करून छापलं, म्हणून सुजाता मला मिळाली.

मामा म्हणजे माझे सासरे. आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

कोल्हापुरात एका कचेरीत ते कारकून होते. पण खरं काम घरी. पुण्याच्या एका मुलांच्या मासिकात ते दर महिन्याला कॉमिक्स लिहायचे. अवकाशयानं, परग्रह, यंत्रमानव. नव्वदच्या दशकात आमच्या भागातली बरीच मुलं ती वाचत मोठी झाली. मीही.

अडचण एकच होती. परग्रहावरची माणसं त्यांना आपोआप सुचायची नाहीत. ती घरी चहाला यावी लागायची.

सुजाताला बघायला पहिला मुलगा आला. त्यानं चहा बशीत ओतला आणि फुंकत फुंकत प्यायला.
पुढच्या अंकात गुरू ग्रहावरचा एक राक्षस अख्खा समुद्र बशीत ओतून फुंकत होता. मामा चित्रकाराला वर्णन इतकं नेमकं पाठवायचे, की मिशीसुद्धा तीच आली.

दुसरा मुलगा स्वतःचा पगार पुन्हा पुन्हा सांगून गेला. तो राक्षसी यंत्रमानव झाला. पोटावरचं बटण दाबलं की आकडा बोलायचा.

दोन्हीकडून नकार. दुसऱ्याचे वडील तर अंक हातात घेऊनच दारात आले होते.

नात्यात बोभाटा झाला. "त्यांच्यात पोहे खायला जाऊ नका. छापून येशीला."

त्यानंतर आम्ही गेलो.

मी दहावी नापास. इचलकरंजीजवळ कबनूरला काकांच्या यंत्रमागांवर काम करायचो. वडील लवकर गेले, काकांनीच वाढवलं. त्यामुळं काका म्हणतील ते शेवटचं.

राक्षसांचं प्रकरण मला पूर्ण माहीत होतं, त्यामुळं भयंकर टेन्शन. निघताना केस नीट विंचरले. मग वाटलं, फारच नीट दिसतायत, यातून काहीतरी काढतील. परत थोडे विस्कटले.

सुजातानं पोह्यांची बशी हातात देताना हळूच सांगितलं, "बाबा बघतायत. आवाज न करता खावा."

मी तिथंच ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशीच.

मी आवाज केला नाही. पण काकांचं काय करणार? ज्या माणसाचा जन्म मागांच्या खडखडाटात गेला, त्याला हळू बोलता येत नाही.

"पावणं, तुमी नक्की काय करतासा?"

"कॉमिक्स लिहितो."

"चित्रं काढतासा व्हय?"

"न्हाय. चित्रं पुण्यातला माणूस काढतोय."

"मग तुमी काय लिवतासा? त्या फुग्यात तर चारच शब्द असत्यात!"

"ते चार माझे."

"आनि मंगळावर कवा गेलतासा?"

"गेलो न्हाय."

"मग तितलं तुमाला काय म्हायती?"

भिंतीवरचं कॅलेंडर हलल्यासारखं वाटलं. मामा नुसते बघत राहिले, प्रेमानं.

मला नंतर कळलं, त्याच आठवड्यात त्यांना दिल्लीच्या एका प्रकाशकाचा फोन आला होता. कॉमिक्स हिंदीत निघणार, सगळ्या देशात जाणार. फक्त खलनायक दमदार पाहिजे.

आणि त्याच दिवशी सकाळी मामींनी बजावलं होतं, "ह्या पावण्यातलं कुनी छापलासा तर तुमचं पेन आनि कागद बंबात. पोरीचं लगीन हुईस्तोवर लिवनं बंद."

काका म्हणाले, दिवाळीच्या ऑर्डरी उरकल्या की कळवू.

दिवाळी अंक आला. इचलकरंजीच्या स्टँडवर मी उभ्या उभ्याच उघडला.

मंगळाचा सम्राट. मुकुटाच्या जागी फेटा, फेट्यावर अँटेना. तो नुसता बोलला तरी अवकाशयानाच्या काचा तडकायच्या. पृथ्वीवरच्या शास्त्रज्ञाला पकडून विचारत होता, "तुमी नक्की काय करतासा?"

मी अंक शर्टात लपवून घरी आलो. काही उपयोग झाला नाही. एका कामगाराचा पोरगा आधीच दुसरा अंक घेऊन पोचला होता. "मालक, तुमी छापून आलाय!"

काकांनी माग बंद केले. ओळींवर बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं.

"ह्यो मी?"

मी मान डोलावली.

"मंगळ केवढा असतोय रं?"

"पृथ्वीपेक्षा लहान."

"इचलकरंजीपेक्षा?"

"मोठा, काका. लई मोठा."

"सगळा माझा?"

"सगळा."

काका फेटा बांधायला आत गेले. वाटेत स्टँडवरचे उरलेले सगळे अंक घेतले आणि आम्ही कोल्हापूरची एसटी पकडली.

काका गल्लीत शिरलेले बघून मामा न्हाणीत जाऊन बसले. दारात मामी, चेहरा पडलेला.

काका म्हणाले, "सम्राट आलाय म्हनून सांगा त्यास्नी!"

मामा तोंड पुसत बाहेर आले. "पावणं, माफ करा. आता ते दिल्लीतबी निघायचंय, पर मी थांबवतो."

"थांबवतो? अवो, पोरगी आमची झाली. पर एक अट हाय."

"सांगा की."

"मला मारायचं न्हाय."

मामा मामींकडं वळले. "ऐकलंस? आता लिहिणं बंद करून चालायचं न्हाय. ह्यांना जगवायचंय."

मामींनी साखर आणायला सुजाताला आत पाठवलं.

पुढची कितीतरी वर्षं सम्राट मराठीत आणि हिंदीत प्रत्येक युद्ध हरला. यान फुटलं, किल्ला पडला, एकदा तर सूर्यात ढकलला गेला. पण पुढच्या अंकात परत हजर. संपादक म्हणायचे, आता संपवा. मामा म्हणायचे, जमणार नाही, घरचं प्रकरण आहे.

सम्राट शेवटपर्यंत मेला नाही.

मामा गेले.

मामा, घरी अजून पाहुणे येतात. काहीजण फारच विचित्र वागतात. मी आणि सुजाता एकमेकांकडं बघतो, आणि मग लक्षात येतं, की आता हे सांगायचं कुणाला.

मनापासून नमस्कार, मामा.