पुलियाला हात लावून

हे लिहू की नको, या विचारात बरेच दिवस गेले. कारण असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आले आहे. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी अंगारे-धुपारे, गंडेदोरे कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत, आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना तेच शिकवत रिटायर झाले... भूत म्हणजे मनाचा खेळ. शेजारणीच्या अंगात आलं की मी तिला आधी हिमोग्लोबिन तपासायला सांगायची. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

आम्ही गोंदियाला राहतो, नागऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. मिस्टर रेल्वेतून रिटायर झालेले. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला आणि नागपूरच्या डॉक्टरांनी दम भरला — रोज चाला, नाहीतर परत इथेच भेटू. आता आमचे हे नोकरीभर फलाटावर चालले, पण तब्येतीसाठी चाला म्हटलं की यांच्या जिवावर येतं. सुरुवातीला वॉकला म्हणून निघायचे आणि राइस मिलजवळच्या टपरीवर भजी खाऊन परत यायचे. वरून घरी येऊन सांगायचे, "आज लय चाललो." शेवटी मी सोबत निघायला लागले.

माझा गुडघा धड नाही, त्यामुळे मी मागे पडते, हे पुढे जातात. मग यांच्यावर लक्ष कसं ठेवायचं? तर आमच्या रस्त्यावर वॉकवाल्यांचा एक अलिखित नियम आहे. पुढे एक पुलिया, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल लागतो, तिच्या कठड्याला हात लावल्याशिवाय कोणी परत फिरत नाही. कोणी सुरू केलं कोण जाणे, पण साहेब असो की हमाल, हात लावतोच. कठड्याला चुना मारलेला आहे, त्यामुळे तळहात पांढरा होतो. परत येताना हे लांबूनच हात वर करून मला दाखवायचे, मी मान डोलवायची आणि तिथून आम्ही दोघं घरी वळायचो.

या हिवाळ्यातली गोष्ट. उजाडलं होतं, पण धुकं इतकं की रस्त्याकडेची झाडंसुद्धा जवळ गेल्यावरच दिसत होती. मिलमधून उकडून वाळवलेल्या उसन्या तांदळाचा वास येत होता. यांनी कानटोपी घातली होती, वर तपकिरी शाल. मी म्हटलं, "अहो, हळू चाला, आज तुम्ही दिसणार नाही मला."

"दिसून काय करतं व? मी का पराया मुलखात जाऊन राहिलो?" असं म्हणून हे धुक्यात गेलेसुद्धा.

मी आपली गुडघा सांभाळत चालले. त्या दिवशी मनाला उगाच हुरहुर लागली होती. बऱ्याच वेळाने समोरून हे परत येताना दिसले. तीच कानटोपी, तीच शाल, एक खांदा खाली टाकून चालायची तीच ढब. मला हायसं वाटलं... पण हात वर केला नाही. म्हणजे पुलिया केलीच नव्हती.

"हात दाखवा!" मी ओरडले.

हे थांबले. माझ्याकडे पाहिलं. आणि रस्ता सोडून खाली धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात उतरले, मधल्या मातीच्या चिंचोळ्या धुऱ्यावरून चालायला लागले. मला वाटलं, पकडले गेले म्हणून पळ काढताहेत! डोकंच सणकलं. मीसुद्धा खाली उतरले. दोन्ही बाजूला धान काढल्यावर पेरलेली लाखोळी दवाने चिंब होती. माझे बूट पचपच वाजत होते, यांच्या पावलांचा आवाज येत नव्हता. ही गोष्ट मला तेव्हाच जाणवली, की नंतर माझ्या मनाने जोडली, ते आता सांगता येत नाही. मी हाका मारत होते, हे मागे वळत नव्हते, आणि माझा राग हळूहळू भीतीत बदलत होता. आजारी माणूस ओल्या धुऱ्यावर इतका झपझप कसा चालतो?

पुढे मोटारपंपाची खोली होती. हे तिच्या मागे वळले. मीही मागोमाग वळले.

हे तिथे पायरीला टेकून पडलेले होते. टोपी लाखोळीत पडलेली. शाल दवाने पूर्ण भिजलेली, ओठ काळे पडलेले. हात हातात घेतला तर थंडगार.

मी किंचाळले, ते ऐकून रस्त्यावरून जाणारा एक दूधवाला मोटारसायकल टाकून धावत आला. "क्या हुआ मॅडम?"

"भैया, इनको उठाओ! अभी तो मेरे आगे चल रहे थे..."

त्याने यांच्या कपाळाला, मानेला हात लावला आणि माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "ये? ये अभी चल रहे थे? इनका बदन तो बरफ हो गया है, मॅडम. शाल देखो, कब से पडे हैं."

त्यानेच ऑटो थांबवला आणि दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. मी एकटीच रस्त्याने पुलियापर्यंत गेले असते, हे सापडले नसते, तर मला वाटलं असतं गेले असतील टपरीवर. मी टपरीवाल्याशी भांडत बसले असते आणि इकडे सगळं संपलं असतं.

यांना बोलता यायला लागलं तेव्हा मला वाटलं, आता मायेने काही बोलतील. तर माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"तू मले सोडून कायले चालली गेली व?"

मी म्हटलं, "मी कुठे गेले? मीच तर आणलं तुम्हाला."

"ते तं नंतर. पयले आली होती ना? छाती आवळून आली म्हनून मी पंपाजवळ बसाले गेलो. तू आली, हात धरून बसली. 'चला' म्हनली. माया पायात ताकतच नव्हती, नाई तं उठूनच आलो असतो. मंग तू उठली न् चालली गेली. मी आवाज देऊन राहिलो, तं पलटूनबी पाहिलं नाई."

तोपर्यंत मला काय दिसलं ते मी यांना सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रक्तपुरवठा कमी झाला की भास होतात. बरं, यांना भास झाला. मला काय कमी पडलं होतं? मी तर चहा-बिस्कीट खाऊन निघाले होते! धुक्यात दुसराच कोणी असेल म्हणावं, तर तो पंपाच्या खोलीमागून गेला कुठे? मागे सगळी उघडी बांधी होती. मला तिथे नेणारं कोण होतं, आणि यांना 'चला' म्हणणारी कोण होती? दोन्ही एकच होतं का? भलं करायला आलं होतं, की एकाला न्यायला येऊन दुसऱ्याला बोलावून गेलं? खूप डोकं फोडलं.

आता आम्ही पुन्हा चालतो, चालावंच लागतं. मी यांच्या शालीचं टोक धरून चालते. रस्त्यावरचे लोक चिडवतात, "काय मॅडम, नवीन लग्न झालं का?" मी हसते, पण टोक सोडत नाही. धुकं असलं की दोन्ही हातांनी धरते.

परवा न राहवून यांना बजावलं. "हे बघा, पुन्हा कधी एकटे पडलात आणि मी येऊन 'चला' म्हटलं, तर उठू नका. काही झालं तरी माझ्यामागे येऊ नका."

हे चालता चालता थांबले.

"मंग तुया मांगं नाई येऊ," हे म्हणाले, "तं कोनाच्या मांगं जाऊ?"